लोहाराचा गायनवृंद

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. त्याच्या दक्षिणेकडील दऱ्यांत एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या खाणी भराभर निघाल्या आणि कामगारांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. गावोगावांहून आलेली ही माणसे परस्परांना अनोळखी होती. दिवसभर भूगर्भातील अंधारात राबावे आणि काळ्या धुळीने माखून वर यावे, असा त्यांचा क्रम असे. वाद्ये विकत घेण्याइतका पैसा बहुतेकांजवळ नसे. गळा मात्र प्रत्येकाजवळ होता. संध्याकाळी प्रार्थनामंदिरात ही मंडळी जमू लागली व एकत्र गाऊ लागली.

आपल्या भजनात सारे जण एकच चाल म्हणतात. तेथे मात्र स्त्रियांचे दोन व पुरुषांचे दोन, असे चार गट चार निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी गातात आणि त्यांतून एक मेळ साधतात. शेजाऱ्याच्या सुराकडे कान हवा, पण त्याच्यामागे वाहून जाता कामा नये. वाटते तितके हे सोपे नाही!

मग ही अवघड गाणी खाणकामगारांनी शिकावी कशी? युरोपीय संगीत पाच रेषांवर खुणा मांडून लिहितात. ती लिपी शिकण्यास फार वेळ लागे. नॉर्विच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांसाठी अक्षरांची एक सोपी स्वरलिपी रचली होती. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने तीत सुधारणा करून तिचा प्रसार केला. डो, रे, मी, फा या स्वरनामांची आद्याक्षरे आणि काही विरामचिन्हे, एवढीच तिची सामग्री. आपला षड्ज जसा गायकाच्या सोयीने हव्या त्या उंचीवर धरता येतो, तसाच त्यातला 'डो'. छापखान्यातील नेहमीच्या खिळ्यांनीच ती छापता येई. म्हणून पुस्तके स्वस्त पडत आणि मजुरालाही ती घेणे परवडे.

अ‍ॅबरडेअर या गावाजवळ १८३४ साली ग्रिफिथ ऱ्हिस जोन्स याचा जन्म झाला. तो लोहारकाम करी आणि व्हायोलिन वाजवी. एका प्राचीन ब्रिटिश राजाचे 'करादोग' हे नाव त्याला लोकांनी दिले व तेच रूढ झाले. १८७२ साली लंडनच्या स्फटिकप्रासादात गायनस्पर्धा व्हावयाची होती. हजार गिनी किमतीचा चषक ठेवला होता. करादोगने कामकरी स्त्रीपुरुषांचा सुमारे साडेचारशे जणांचा वृंद उभा केला. प्रत्येक गट आपापल्या गावी तालीम करी आणि मग सारे एकत्र येत. स्पर्धेच्या दिवशी प्रतिस्पर्धी कोणीच आला नाही. चषक मिळाला खरा, परंतु तुलना झाल्यावाचून योग्यता ठरावी कशी? १८७३ साली ही मंडळी पुन्हा लंडनला गेली. या वेळी समोर लंडनचाच निष्णात वृंद होता, आणि तोही त्याच अक्षरलिपीच्या प्रसारकांचा! चषक पुन्हा करादोगच्या वृंदाने जिंकला. हातात छडी घेतलेला त्याचा पुतळा अ‍ॅबरडेअरच्या चौकात १९२० साली उभारण्यात आला.

पुढे खाणी एकामागून एक बंद पडल्या. वेल्समधील अखेरची मोठी खोल खाण अ‍ॅबरडेअरपासून जवळच होती. ती २००८ साली बंद झाली. गाणारे मात्र पांगले नाहीत. त्या दऱ्यांतील गायनवृंदांत आज शिक्षक, दुकानदार, कारकून असे नाना व्यवसायांचे लोक गातात. स्वरलिपी येत नाही म्हणून नवख्याला सहसा कोणी परत पाठवीत नाही. त्याचा सूर किती वर जातो व किती खाली उतरतो एवढे पाहून त्याला एका गटात बसवतात. वेल्श भाषेतील शब्द आरंभी त्याच्या जिभेवर वळत नाहीत. तेव्हा शेजारचा जुना गायक त्याच्या कागदावर बोट ठेवतो आणि तीच ओळ, जरा सावकाश, त्याच्यासाठी पुन्हा म्हणतो.