कोर्लई पायीच का पाहावा?

प्रश्न : अलिबाग परिसरात निसर्ग आणि इतिहास दोन्ही दाखवणारी पायवाट कोणती?

उत्तर : कोर्लई गाठा. समुद्र आणि रेवदंड्याची खाडी यांच्यामध्ये घुसलेल्या डोंगरसोंडेवर हा किल्ला आहे. दीपगृहाकडून पायऱ्या चढून माथ्यावर आलात की खाडीपलीकडे रेवदंड्याचा कोट दिसतो. चौल बंदरात शिरणाऱ्या गलबतांवर इथून नजर ठेवता येई. म्हणूनच पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये तो निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० मध्ये मराठ्यांना तो हवा होता. ‘पडक्या भिंतींत पाहायचे काय?’ असे कुणी विचारेल. पण इतिहासाचा जिताजागता पुरावा पायथ्याशीच आहे : गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली बोली आजही बोलली जाते. गाडीतून किल्ला दिसेल. बंदर, तट आणि माणसे यांचे नाते मात्र चालल्यावरच कळेल. उन्हाचा त्रास टाळायला सकाळीच चढा.