बाजारपेठ सावरण्याचे अनुदान : पैसा कोणाचा, फायदा कोणाचा?

जुनी बाजारपेठ एका दिवसात ओस पडत नाही. आधी कोपऱ्यावरचे कापडाचे दुकान बंद होते. मग शेजारच्या चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी येऊ लागते. दोन-तीन शटर कायमची खाली आली की संध्याकाळी त्या गल्लीत अंधार पडतो आणि बायका-मुले तिकडे फिरकत नाहीत. हे चित्र आमच्या वाचकांना नवे नाही. अशा पेठांना सरकारने पैसा द्यावा का, आणि द्यायचा तर कोणत्या रीतीने, याचा अमेरिकेला दीर्घ अनुभव आहे. आपल्या व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून तो आज आम्ही येथे मांडत आहोत.

तेथील पेठांना उतरती कळा लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५६ साली देशभर महामार्ग बांधण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनियापोलिस शहराजवळ साउथडेल नावाचा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. मोटारवाले गिऱ्हाईक शहराबाहेर गेले. सरकारचे औषध तर रोगापेक्षा जहाल निघाले. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या आधारे जुन्या वस्त्या पाडून जमिनी मोकळ्या करण्यात आल्या. त्यांपैकी कित्येक जागा नंतर वर्षानुवर्षे रिकाम्याच राहिल्या, आणि तेथील छोटा दुकानदार मात्र कायमचा उठला.

१९७७ साली जुन्या वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने वेगळा प्रयोग केला. इलिनॉयमधील गेल्सबर्ग, इंडियानातील मॅडिसन आणि साउथ डकोटातील हॉट स्प्रिंग्ज ही तीन गावे निवडली. प्रत्येक गावाला मोठी थैली देण्याऐवजी पेठेसाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक दिला. दुकानदारांची बैठक बोलावणे, सणासुदीला पेठ सजवणे, रिकामा गाळा कोणत्या धंद्याला योग्य आहे ते शोधणे, जुन्या इमारतीवर ठोकलेले पत्रे काढून मूळ दर्शनी भाग मोकळा करणे ही त्याची कामे. संघटन, प्रसिद्धी, रूप आणि अर्थव्यवहार अशी चार अंगे त्यातून ठरली. १९८० साली ‘मेन स्ट्रीट’ या नावाने हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आमच्या मते त्यातली पहिली पायरी सर्वात अवघड. समोरासमोरच्या दोन दुकानदारांना एका चटईवर बसवणे म्हणजे काय, हे ज्यांनी व्यापारी संघ चालवला आहे त्यांनाच ठाऊक!

आता प्रत्यक्ष अनुदानाकडे वळू. १९७४ पासून अमेरिकेचे केंद्र सरकार शहरांना सामूहिक विकासासाठी ठोक निधी देते. शहरे त्यातील काही भाग दुकानांच्या दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी ठेवतात. यात कर्ज नाही, म्हणून व्याजही नाही; आपल्या वाचकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण हा फुकटचा पैसाही नव्हे. साधारण रीत अशी, की निम्मा खर्च दुकानदाराने करायचा आणि निम्मा शहराने. समजा पाटी, काच, दरवाजा आणि रंग यांचा खर्च दहा हजार डॉलर आहे. दुकानदार आधी अर्ज करतो, ठेकेदारांची दरपत्रके जोडतो आणि मंजुरीची वाट पाहतो. मंजुरीपूर्वी काम सुरू केले तर पैसा बुडाला. काम पुरे झाल्यावर बिले भरून पावत्या दाखवायच्या, मग पाच हजार परत मिळतात. म्हणजे मधले काही महिने पूर्ण दहा हजार त्याच्याजवळ हवेत. ज्याची पेटी आधीच रिकामी आहे, त्याच्यासाठी हे अनुदान कागदावरच राहते. योजना आखणारे नेमके हेच विसरतात. काही शहरे परतावा न ठेवता थेट ठेकेदाराला पैसे देतात, ते शहाणपणाचे.

आणखी एक खाच आहे. या निधीतून दोन हजार डॉलरपेक्षा मोठे बांधकाम झाले, तर कामगारांना सरकारने ठरवलेली प्रचलित मजुरी द्यावी लागते. कामगाराच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण ओळखीच्या मिस्त्रीकडून स्वस्तात होणारे काम त्यामुळे महाग होते आणि मिळालेल्या अनुदानाचा काही भाग तेथेच जिरतो. अर्ज करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

सरकारच्या तोंडाकडे न पाहताही मार्ग निघतो. कॅनडातील टोरोंटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेचे गिऱ्हाईक भुयारी रेल्वे आणि मॉल यांनी ओढून नेले होते. १९७० साली तेथील दुकानदारांनी स्वतःवर जादा पट्टी बसवून घेतली. नगरपालिका ती करासोबत वसूल करते आणि रक्कम पेठेच्याच मंडळाच्या हाती देते. वर्गणीत चार जण देतात आणि दहा जण दिव्यांचा उजेड फुकट घेतात. पट्टी सर्वांना सक्तीची झाल्याने ते भांडण मिटले.

डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमधील वॉरन ॲव्हेन्यूचा दाखला तर आपल्या अगदी जवळचा आहे. १९८० च्या सुमारास या रस्त्यावर कितीतरी दुकाने रिकामी होती. १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाल्यावर तेथून आलेल्या कुटुंबांनी ती स्वस्त भाड्याने घेतली. भाकरीच्या भट्ट्या, मिठाई, हलाल गोश्त, किराणा असा पसारा वाढत गेला आणि मेलेला रस्ता जागा झाला. तेथे अनुदानाच्या आधी माणसे आली. हिजरतीनंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना मदीनेच्या अन्सारी भावाने आपली निम्मी मालमत्ता देऊ केली, तेव्हा त्यांनी दुआ देऊन फक्त बाजाराचा रस्ता विचारला, तूप आणि पनीर विकून आपला जम बसवला. तो प्रसंग येथे आठवल्यावाचून राहत नाही.

पण पेठ सावरल्यावर काय होते? दर्शनी भाग इमारतीचा, इमारत मालकाची. भाडेकरू दुकानदाराने धावपळ करून अनुदान आणले, स्वतःचा निम्मा वाटा घातला, रस्ता चमकू लागला. आणि करार संपताच मालक भाडे वाढवतो. सार्वजनिक पैसा अशा वेळी मालकाच्या खिशात जातो आणि ज्याने पेठ जगवली तोच बाहेर पडतो.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. १९७४ पासून केंद्र सरकारने सेंट्रल वक्फ कौन्सिलला अनुदान देऊन शहरी वक्फ जमिनींवर दुकाने व संकुले बांधण्यासाठी कर्जे दिली. तेथे मालकी वक्फची, म्हणजे भाडे यतीमखान्याला, मदरशाला, मशिदीला जायचे. ते अगदी क्षुल्लक राहिले तर वक्फचा हक्क बुडतो, एकदम चढवले तर दुकानदार उठतो. मालक खाजगी असो वा वक्फ, आमची सूचना एकच : दुरुस्तीच्या पैशाला हात लावण्यापूर्वी भाडेकराराची मुदत किती वर्षे वाढेल आणि दरवर्षी भाडे किती टक्क्यांपर्यंतच चढेल, हे दोन आकडे कागदावर घ्यावेत. करार रीतसर नोंदवावा आणि त्याची एक प्रत व्यापारी संघाच्या दप्तरीही ठेवावी.