विद्यादानाची ठेव : शेठ प्रेमचंद रायचंद आणि दोन विद्यापीठे

व्यापाराचा नफा-तोटा आपण वर्षाअखेर काढतो. विद्यापीठाला दिलेल्या द्रव्याचा हिशेब मात्र पिढ्यांच्या मापाने करावा लागतो. तो कसा निघतो, हे पाहण्यासाठी आम्ही आपल्याच समाजातील एका व्यापाऱ्याचे उदाहरण येथे अभ्यासाला घेतले आहे.

शेठ प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे मूळचे सुरतेचे जैन गृहस्थ. मुंबईत कापूस व शेअर यांच्या दलालीत त्यांनी नाव मिळविले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. या भरभराटीच्या ऐन काळात, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली होती. परंतु त्यास स्वतःची वास्तू नव्हती.

१८६५ साली युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या आणि प्रेमचंदांचीही अपार संपत्ती लयाला गेली. विद्यादान मात्र बुडाले नाही. १८६९ साली मनोऱ्याचा पाया घातला गेला व १८७८ साली सुमारे २८० फूट उंचीचे ते काम पूर्ण झाले. मनोऱ्याला नाव दिले गेले ते प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाई यांचे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचे व्रत पाळणाऱ्या त्या दृष्टिहीन मातेस ठोक्यांवरून वेळ कळावी, हा त्यामागील हेतू होता, असे सांगतात. शेजारचे पदवीदान सभागृह पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभे राहिले.

यापेक्षाही बोधप्रद हकीकत कलकत्त्याची आहे. १८६६ साली प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठास दोन लक्ष रुपये दिले. प्रांत परका, भाषा परकी. या रकमेच्या व्याजातून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि बंगालमध्ये ती विद्वत्तेची कसोटीच ठरली. पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी व शिवकालाचे इतिहासकार जदुनाथ सरकार हे दोघेही तिचे मानकरी होत.

तिसरे नाव मेघनाद साहा यांचे. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका किरकोळ किराणा दुकानदाराचा हा मुलगा. १९१९ साली त्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या एका खासगी देणगीच्या प्रवासवृत्तीची जोड मिळून ते लंडन व बर्लिन येथील प्रयोगशाळांत गेले. ताऱ्यांच्या प्रकाशावरून तेथील उष्णता व घटक यांचा उलगडा करणारे त्यांचे समीकरण आज जगभर अभ्यासले जाते. मुंबईच्या दलालाची देणगी अशा रीतीने अर्ध्या शतकानंतर बंगालमधील एका दुकानदाराच्या मुलाच्या कामी आली!

यातून आम्हांस तीन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली, दान भरतीच्या वेळीच करावे. ओहोटी सांगून येत नाही. दुसरी, शिष्यवृत्तीचे मुद्दल अक्षय ठेवून व्याजातून ती चालवावी, म्हणजे दात्यामागेही दान चालू राहते. तिसरी, जात, प्रांत व आप्तपणा यांची अट घालू नये. निवड विद्यापीठाच्या जाणकारांवर सोपवावी.

सरकारी अनुदान असताना आमच्या पैशाची गरज काय, असे काही बंधू विचारतात. अनुदानाचा मोठा भाग वेतनात व नित्याच्या खर्चात जातो. गरीब विद्यार्थ्याचे खानावळीचे बिल, दुर्मीळ ग्रंथ, संशोधकाचा प्रवास येथे खासगी हातच उपयोगी पडतो. राजाबाई मनोऱ्याचा जीर्णोद्धारही २०१३ ते २०१५ या काळात एका खासगी कंपनीच्या साह्याने झाला.

प्रत्येकास दोन लक्ष देणे शक्य नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दहा दुकाने मिळून एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नक्कीच चालवू शकतात. आपल्या शास्त्रांनी आहार, औषध व अभय यांच्या पंक्तीस ज्ञानदान बसविले आहे. येत्या पाडव्यास वहीपूजन करताना प्रत्येक सभासदाने एक खाते विद्येच्या नावे उघडावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.