उकडीच्या मोदकाचा सचित्र पाठ

पनवेल हे मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या दोन महामार्गांवरील जुने व्यापारी गाव. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिच्या जागी महानगरपालिका आली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या वसाहती उभ्या राहिल्या. भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. आगरी, कराडी, कोळी अशा मूळच्या कुटुंबांच्या शेजारी देश, खानदेश आणि विदर्भातून आलेली कुटुंबे राहू लागली.

या स्थित्यंतराचा परिणाम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे. कोकणात गणेशचतुर्थीला तांदळाच्या उकडीचा मोदक होतो, तर घाटावर अनेक घरांत कणकेचा तळणीचा मोदक करण्याची रीत आहे. उकडीचा मोदक पूर्वी पाहून शिकला जात असे. सासूशेजारी बसून सून, आईशेजारी बसून मुलगी तो शिकत होती. आता शिकविणारी एका गावी आणि शिकणारी दुसऱ्या गावी अशी परिस्थिती आहे. उलट, चतुर्थीला आणि गणेशोत्सवात मागणीप्रमाणे मोदक करून देण्याच्या कामातून अनेक गृहिणींना व बचत गटांना चार पैसे मिळू शकतात. म्हणजे कौशल्याची गरज वाढत आहे आणि ते पोहोचविण्याची जुनी वाट मात्र अरुंद होत आहे. क्रमवार छायाचित्रांचा उपयोग याच ठिकाणी होतो.

शब्दांची मर्यादा

पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याचे घरगुती प्रमाण घरोघरी पोहोचविले. त्यामुळे ‘अंदाजाने घ्यावे’ या सूचनेपुढे अडणाऱ्या नवशिक्या गृहिणीची मोठी अडचण दूर झाली.

तथापि, प्रमाण कळले म्हणजे पदार्थ साधतोच असे नाही. प्रमाणाइतकीच महत्त्वाची असते ती पदार्थाची अवस्था. ‘सारण कोरडे होईपर्यंत परतावे’, ‘उकड मऊ मळावी’ ही वाक्ये जाणकार स्त्रीला पुरेशी असतात, कारण तिने ती अवस्था पाहिलेली असते. जिने ती पाहिलेली नाही, तिला कोरडे म्हणजे किती कोरडे आणि मऊ म्हणजे किती मऊ, हे शब्दांतून कळत नाही. छायाचित्र ही उणीव भरून काढू शकते. मात्र ते योग्य क्षणाचे असले पाहिजे. ताटात मांडलेल्या, तुपाची धार सोडलेल्या मोदकांचे चित्र मन प्रसन्न करते, पण शिकवीत काहीच नाही. ज्या क्षणी करणारीला निर्णय घ्यावा लागतो आणि तो चुकण्याचा संभव असतो, त्या क्षणाचे चित्र हाच खरा पाठ होय.

सात निर्णय, सात चित्रे

उकडीच्या मोदकात असे सात क्षण सांगता येतात.

१. पिठी : आंबेमोहरासारखा सुवासिक तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळतात. चाळल्यानंतर चाळणीत उरलेला रवाळ भाग चित्रात दाखवावा. हा भाग पिठीत राहिल्यास पारी खरखरीत होते.

२. सारण : दोन वाट्या खोवलेल्या नारळास एक वाटी चिरलेला गूळ हे रूढ प्रमाण आहे. गूळ विरघळून मिश्रण एकत्र गोळा होऊ लागले आणि चमचा ओढल्यावर तळाशी रस धावला नाही, की आच बंद करावी. सारण ओले राहिल्यास पाणी सुटून मोदक फुटतो आणि जास्त आटल्यास गुळाचा पाक होऊन सारण कडक बनते. म्हणून कच्चे, योग्य आणि जास्त परतलेले अशी तीन चित्रे शेजारी-शेजारी द्यावीत.

३. आधण : एक वाटी पिठीस साधारणतः एक वाटी पाणी लागते. त्यात चिमूटभर मीठ व चमचाभर तूप घालतात. पाणी खळखळ उकळत असतानाच पिठी घालावी. गव्हातील ग्लूटेन हे चिवट प्रथिन तांदळात नसते, त्यामुळे उकडीला बांधून ठेवण्याचे काम तांदळातील स्टार्च करतो. उष्णता आणि पाणी पुरेसे मिळाले म्हणजे स्टार्चचे कण फुगून चिकट बनतात. पाणी कोमट असल्यास हे कार्य अपुरे राहते. चित्रात पाण्याचे बुडबुडे स्पष्ट दिसले पाहिजेत.

४. मळलेली उकड : झाकण ठेवून वाफ आणल्यानंतर उकड गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळतात. लहान गोळी दाबून पाहावी. कडा फाटल्या तर उकडीला पाणी किंवा मळणे कमी पडले आहे, कडा गुळगुळीत राहिल्या तर उकड तयार आहे. दोन्ही गोळ्यांचे चित्र घ्यावे. तांदळाच्या जातीप्रमाणे व जुने-नवेपणाप्रमाणे पाणी कमी-अधिक लागते, म्हणून केवळ मापापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

५. पारी : कडेला पातळ आणि मध्यभागी किंचित जाड असावी. ती खिडकीच्या उजेडासमोर धरून चित्र घेतल्यास जाडी लगेच ध्यानात येते.

६. कळ्या : अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कळी कशी येते, हे करणारीच्या खांद्यामागून टिपावे. समोरून घेतलेल्या चित्रात डावे-उजवे उलट दिसते आणि शिकणारी गोंधळते.

७. वाफ : पात्रातील पाणी उकळल्यावरच हळदीच्या किंवा केळीच्या पानावर मोदक ठेवून सुमारे दहा ते बारा मिनिटे वाफवावेत. पारीवर चकाकी आली आणि ओले बोट लावल्यास चिकटले नाही, म्हणजे मोदक शिजला. वाफेपूर्वीचे व नंतरचे चित्र एकाच उजेडात घ्यावे.

चित्रे घेताना

यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. साधा मोबाईल आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड पुरेसा आहे. पिवळ्या दिव्याखाली गुळाचा व सारणाचा रंग फसवा दिसतो. सर्व चित्रांत भांडे शक्यतो तेच असावे आणि प्रमाण कळण्यासाठी वाटी किंवा हात दिसावा. प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा आणि खाली एकच वाक्य लिहावे. गंध, ऊब आणि हाताला जाणवणारा मऊपणा चित्रात उतरत नाही, म्हणून हे वाक्य त्यासाठी राखून ठेवावे. ओल्या नारळाचे सारण दमट हवेत लवकर आंबते, तेव्हा मोदक त्याच दिवशी खावेत, ही सूचना विक्री करणाऱ्यांनी अवश्य जोडावी.

शाळा व पंचायतींचे कार्य

पाहून शिकण्याचे तत्त्व ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नाही. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमापासून ग्रामसेवक तक्ते, चित्रमाला व प्रात्यक्षिके यांच्या साहाय्याने सुधारित शेतीची माहिती देत आले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामुळे आणि २०११ पासूनच्या ‘उमेद’ अभियानामुळे स्त्रियांच्या गटांचे जाळे आता उपलब्ध आहे. त्यांच्या प्रशिक्षणात अशा चित्रमालांना स्थान देता येईल. ज्या सभासदांना वाचनाची सवय नाही, त्यांनाही त्या उपयोगी पडतील.

शिक्षकांना हाच विषय भाषेच्या तासाला घेता येण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांनी घरच्या आजीकडून मोदक, खांडवी किंवा पातोळ्या करून घ्याव्यात, टप्प्याटप्प्याने चित्रे काढावीत आणि प्रत्येकाखाली एक अचूक वाक्य लिहावे. ग्रामपंचायतीने निवडक चित्रमाला छापून वाचनालयात ठेवाव्यात. चित्रे घेण्यापूर्वी संबंधित स्त्रीची संमती घेणे आणि तिची इच्छा असल्यास तिचे नाव देणे हे कर्तव्य समजावे, कारण ते कौशल्य तिने अनेक वर्षांच्या श्रमाने मिळविलेले असते.

चित्रमाला पूर्ण झाली की नाही, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. ज्या व्यक्तीने तो पदार्थ कधीही केलेला नाही, तिच्या हाती ती द्यावी आणि शेजारी कोणीही न बोलता तिला काम करू द्यावे. ती जेथे थबकेल, तेथे एक चित्र कमी आहे असे समजावे. ते काढून योग्य क्रमांकावर बसवावे आणि पुन्हा दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळा घ्यावा. जाणत्या हातांची एक पिढी अद्याप घरोघरी आहे. हे काम त्या पिढीच्या देखतच होणे अगत्याचे आहे.