बिलावरचे ठिकाण

आपल्या ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्याला लागून. दुसरा डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर. "मानपाडा, जिल्हा ठाणे" असे लिहिले, तर ते दोन्हींना लागू पडते.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका मावशींनी यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे विम्यातून मागितले. कंपनीने आणखी एक कागद मागवला. ते पत्र गेले भलत्याच मानपाड्याला! इकडे मावशी रोज पोस्टमनची वाट बघतायत. अर्जावर पिनकोडची जागा कोरी होती.

पिनकोड म्हणजे टपालाचा सहा आकडी क्रमांक. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यात अधिकारी होते, आणि संस्कृतात कविताही करीत. पहिला आकडा ४ असला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड समजावे. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. ठाणे शहराचा पिनकोड ४०० ने सुरू होतो, डोंबिवलीचा ४२१ ने. पहिले तीन आकडे वाचा, कोणता मानपाडा ते लगेच कळेल.

रुग्णालयालाही क्रमांक असतो. विम्याच्या कामासाठी नोंद झालेल्या रुग्णालयाला १३ आकडी 'रोहिणी' क्रमांक मिळतो. सारख्या नावाची रुग्णालये गावोगाव असतात. क्रमांकावरून नेमके कोणते ते ठरते.

बिलावर आणखी एक ठिकाण असते, रुग्णालयाच्या आतले. रोगी नुसता तपासून घरी गेला, की खाटेवर दाखल झाला? अमेरिकेत यालाही दोन आकडी खुणा आहेत. डॉक्टरचा दवाखाना ११, रोग्याचे घर १२, दाखल रोगी २१, तातडीचा विभाग २३. आपल्याकडे हे शब्दांत लिहितात: ओपीडी, आयपीडी, डे केअर. पुष्कळशा विम्यांत निदान २४ तास दाखल असावे लागते. मोतीबिंदू, डायलिसिस अशा उपचारांना ती अट नसते, ते डे केअरमध्ये धरतात. पण कागदावर चुकून 'ओपीडी' पडले, की पैसे अडलेच म्हणून समजा.

अर्जाचा 'अ' भाग आपण भरायचा, 'ब' भाग रुग्णालयाने. खिडकी सोडण्यापूर्वी दोन्ही वाचावेत. शिक्का पुसट उठला असेल तर दुसरा मारून घ्यावा. कारकून कुरकुरतो, पण देतो मारून.