आधी एकच आकडा मोज गं

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. फोटोत तीन पंप, एक ईएसपी32 बोर्ड, वायरींचा गुंता, ओट्यावर सांडलेलं खारं पाणी आणि खाली एकच ओळ, ‘ताई, मला नाही जमणार.’ अगं, जमेल. आधी तो ओटा पूस, मिठाने स्टीलवर डाग पडतात.

खरं सांगू का, तू एकदम पंचपक्वान्नांचा घाट घातलायस. तुझ्या प्रवाळांच्या टँकमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट सगळं मशीनने मोजायचं म्हणतेस. कशाला? कॅल्शियम आठवड्यातून एकदा हाताने तपासलं तरी चालतं. रोज हलते ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला ती पाण्यातून उचलत राहतात, आणि टँक प्रवाळांनी भरलेला असेल तर एका दिवसात एक डिग्री (डीकेएच) सुद्धा उतरते. तेव्हा मशीन तेवढ्यासाठीच कर. बाजारातलं तयार यंत्र कितीतरी महाग पडतं, आपलं शंभर-सव्वाशे डॉलरांत बसतं.

काम सोपं आहे बघ. पहिला पंप टँकमधून 50 मिलिलिटर पाणी बरणीत आणतो. दुसरा त्यात 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबथेंब सोडतो. खाली जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, त्याला दोन लोहचुंबक चिकटवलेले, तो बरणीतली कांडी फिरवून ढवळत राहतो. पीएच 8 वरून सावकाश उतरतो आणि मग एकदम कोसळतो. 4.5 ला पोचला की थांबायचं, किती ॲसिड गेलं ते बघायचं आणि त्या मिलिलिटरांना 5.6 ने गुणायचं. 1.43 मिलिलिटर गेलं तर तुझी अल्कलिनिटी 8 डिग्री. हातातल्या किटमध्ये निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजतेस ना, तेच हे. तिसरा पंप बरणी रिकामी करतो, आणि ते पाणी सिंकमध्ये जातं. सिंकमध्ये हं! ‘50 मिलिलिटर कशाला वाया घालवायचं’ म्हणून मी पहिले चार दिवस ते परत टँकमध्ये सोडत होते. कोकणस्थ काटकसर! ॲसिड घातलेलं पाणी कुणी टँकमध्ये ओततं का!

ॲसिड तयार पातळ केलेलंच विकत घे. दाट आणून घरी पातळ करायच्या भानगडीत पडू नकोस.

आता जिथे सगळ्या पडतात ती जागा, पंपाचं माप. हिशेब कर, ॲसिडमध्ये 0.1 मिलिलिटरची चूक म्हणजे उत्तरात अर्ध्या डिग्रीहून जास्त फरक. पंपाच्या डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा घे, वाटी ठेव, पंप एक मिनिट चालव आणि वजन कर. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. असं पाच वेळा कर. रबराची नळी दाबली जाऊन जाऊन सैल पडते, म्हणून दर महिन्याला पुन्हा तोल. मी तोललं नव्हतं. नळी सैल झाल्यामुळे प्रत्यक्षात ॲसिड कमी पडत होतं, मशीन मात्र पूर्ण मोजत होतं आणि अल्कलिनिटी फुगवून सांगत होतं. म्हणून अल्कलिनिटी भरून काढणारा खायचा सोडा घालणंच मी बंद केलं. आठवड्याने हाताने तपासलं तर 5.5! घाबरून एका संध्याकाळी सगळी भरपाई केली, आणि माझ्या लाडक्या ॲक्रोपोरा प्रवाळाची टोकं पांढरी पडली. दिवसाला एका डिग्रीच्या वर चढवायचं नसतं, हे मला माहीत होतं गं. माहीत असून केलं.

म्हणून सोड्याचा पंप मशीनला जोडू नकोस. निदान तीन महिने तरी. मशीनने मोजावं, चमचा तुझ्या हातात. आणि रविवारी तेच पाणी किटनेही तपासून बघ.

आता पीएच मोजणाऱ्या प्रोबचं सांगते. टँकचा पीएच 8.2, म्हणून तू 7 आणि 10 च्या द्रावणाने कॅलिब्रेट केलंस, बरोबर? मीही तेच केलं होतं. आपल्याला थांबायचंय 4.5 वर, तेव्हा 7 आणि 4 घे. हीटर चालू झाला की आकडा नाचत असेल तर प्रोबचं सर्किट वेगळं करणारा आयसोलेटर लाव. बोर्ड पाण्याच्या वर ठेव, आणि प्रत्येक वायरीला सॉकेटपाशी जाण्याआधी खाली झोका दे, म्हणजे ओघळ तिथेच गळून पडेल.

एका चोराबद्दल मात्र कुणी सांगत नाही. दिवसातून दोनदा मोजलंस तर महिन्याला तीन लिटर खारं पाणी बाहेर जातं, आणि तुझा ऑटो टॉप-ऑफ त्या जागी गोडं पाणी भरतो. तुझ्या दीडशे लिटरच्या टँकमध्ये खारटपणा 35 वरून 34.3 वर येतो. तेव्हा एकदाच मोज, रोज त्याच वेळी, आणि महिन्याला खारटपणा तपास.

हो, आणि पुण्याच्या भावाला फोटो पाठवलेस तर तो ‘मलाही असा टँक हवा’ म्हणेल. त्याला सांग, तिकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मालवणला जा आणि पाण्यात डोकं घालून बघ म्हणावं.

शनिवारी काटा घेऊन माझ्याकडे एडिसनला ये, पंप आपण दोघी मिळून तोलू. आत्ता उठ आणि प्रोब कुठे ठेवलीय ते बघ. फोटोत ती टोपणाशिवाय ओट्यावर पडलेली दिसतेय. सुकली तर गेली. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडव, साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात नाही.