संगणकाचे दप्तर हलविताना

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखादा आदिवासी विद्यार्थी जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून घेण्यास निघतो, तेव्हा त्याला आपल्या आजोबांची अथवा पणजोबांची शाळेतील नोंद शोधावी लागते. ती नोंद ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची असेल, तर तिचे मोल फार मोठे. जीर्ण नोंदवहीतील एका ओळीवर त्याचा पुढील प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरीतील हक्क अवलंबून असू शकतो. अशा नोंदवह्यांची पाने वारंवारच्या हाताळणीने फाटू नयेत, म्हणून त्यांची स्कॅन केलेली चित्रे संगणकात ठेवली जातात. ही प्रथा चांगलीच आहे. परंतु एके दिवशी त्या संगणकाच्या पडद्यावर जागा संपल्याची सूचना येते आणि ‘मोठी हार्ड डिस्क बसवून घेऊ’ असा निर्णय होतो. त्या ओळीला खरा धोका त्याच दिवशी संभवतो.

हार्ड डिस्क बदलणे हे चार स्क्रू काढण्याचे आणि चार स्क्रू लावण्याचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते दप्तर हलविण्याचे काम आहे. कचेरीत नवे कपाट आले, तर जुन्या कपाटातील गठ्ठे न मोजता कोणी हलवीत नाही; यादी होते, गठ्ठे मोजले जातात, जबाबदार व्यक्ती सही करते आणि मगच जुने कपाट रिकामे समजले जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण सहज विसरतो, कारण तेथील गठ्ठे डोळ्यांना दिसत नाहीत. ती शिस्त संगणकाला कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दप्तर नेमके कोठे आहे?

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : आपली माहिती या संगणकात आहे की अन्यत्र? कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नागरी सेवांचे संगणकीकरण फार लवकर हाती घेतले आणि तिच्या नागरी सुविधा केंद्रांचा नमुना पुढे राज्यातील इतर नागरी संस्थांपुढे ठेवला गेला. अशा व्यवस्थेत कराच्या व दाखल्यांच्या मूळ नोंदी मध्यवर्ती सर्व्हरवर राहतात. खिडकीवरील संगणक हे केवळ त्या नोंदींपर्यंत पोहोचण्याचे साधन असते. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही असाच मध्यवर्ती व्यवस्थेतून येतो. टेबलावरचा संगणक बंद पडला, तरी या नोंदी नष्ट होत नाहीत.

परंतु ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या संगणकात याखेरीज बरेच काही असते. ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे मसुदे, कर आकारणीच्या नमुना ८ चे जुने तक्ते, विकासकामांची छायाचित्रे, जुन्या नोंदवह्यांची चित्रे आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार हे सर्व बहुधा त्या एकाच यंत्रात असते. त्याची दुसरी प्रत कोठेही नसेल, तर खरी काळजी त्याचीच घ्यावयास हवी.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मेमरी भरली’ हा शब्दप्रयोग आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी करतो. रॅम म्हणजे काम करतेवेळी कागद पसरण्याचे टेबल. हार्ड डिस्क म्हणजे कागद ठेवण्याचे कपाट. टेबल लहान असल्यामुळे काम मंदावले असेल, तर मोठे कपाट आणून उपयोग होत नाही. तसेच जुन्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी त्यावर कोणती कार्यप्रणाली चालते, हेही पाहावे. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. नवी प्रणाली पेलण्याची क्षमता यंत्रात नसेल, तर केवळ डिस्कवर केलेला खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

डिस्कची निवड

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा पन्नास मोठ्या तबकड्यांच्या त्या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये तशा दोन लाख यंत्रांतील मजकूर राहू शकतो. मात्र तत्त्व तेच आहे. चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता अगदी निकट तरंगणारे शीर्ष माहिती लिहिते व वाचते. म्हणूनच चालू डिस्कला बसलेला धक्का घातक ठरतो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे व्यवहारात जिला एसएसडी म्हणतात तिच्यात, फिरणारा भाग नसतो. ती वेगवान असते. परंतु वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील माहिती टिकेलच, असे धरून चालता येत नाही. कार्यप्रणालीसाठी लहान एसएसडी आणि साठवणीसाठी मोठी हार्ड डिस्क ही विभागणी बहुतेक कार्यालयांना सोयीची पडते.

किती मोठी डिस्क घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. नोंदवहीच्या एका पानाचे चित्र १ मेगाबाइट धरले, तर दोनशे पानांच्या वहीला २०० मेगाबाइट लागतात आणि अशा एक हजार वह्यांना सुमारे २०० गिगाबाइट पुरतात. पुढील पाच वर्षांची वाढ गृहीत धरून मागणी नोंदवावी. १ टेराबाइटची डिस्क संगणकात ९३१ गिगाबाइट एवढीच दिसते, म्हणून विक्रेत्याशी वाद घालण्याचे कारण नाही. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो, तर विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते. फरक केवळ मोजमापाचा आहे. २ टेराबाइटहून मोठी डिस्क घेतल्यास तिची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीऐवजी जीपीटी पद्धतीने करावी लागते. अन्यथा पुढील जागा वापरता येत नाही. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर साटा जोडणीची रिकामी जागा आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

बसविण्याचा क्रम

प्रथम महत्त्वाच्या माहितीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ही पायरी कोणत्याही कारणाने वगळू नये. त्यानंतर संगणक रीतसर बंद करून विजेची तार काढावी आणि सुटे बटण काही क्षण दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थितिक वीज उतरवावी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कॅबिनेट उघडले, तर आत धूळ, जाळी आणि क्वचित झुरळेही आढळतात. ती मऊ ब्रशने काढावीत, ओल्या फडक्याने पुसू नये.

नवी डिस्क तिच्या खाचेत सरकवून दोन्ही बाजूंनी स्क्रूने पक्की करावी. साटा जोडणीचे टोक इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे असल्यामुळे ते एकाच बाजूने बसते. जोर लावण्याची गरज पडली, तर ते उलट धरले आहे असे समजावे. माहितीची तार अरुंद, तर विजेची तार रुंद असते.

शक्य असेल तेथे जुनी डिस्क लगेच काढू नये. ती जागेवरच ठेवून नवी डिस्क दुसरी म्हणून जोडणे, हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग होय. संगणक सुरू केल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क रिकामी म्हणून दिसते आणि तिची मांडणी करून ती वापरात आणावी लागते. येथे एक चूक सर्वनाश घडवू शकते. दोन्ही डिस्क यादीत शेजारी दिसतात आणि घाईत जुनीच डिस्क पुसली जाते. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढतानाही दिशा उलटी झाली, तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उमटते. म्हणून दोन्ही डिस्कची क्षमता आणि त्यांवरील अनुक्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावे आणि बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीस ते मोठ्याने वाचून दाखवावयास सांगावे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक प्रसंग येथे नमूद करणे उचित होईल. एका कार्यालयात अनेक वर्षांच्या शासकीय कार्यक्रमांची छायाचित्रे एकाच संगणकात होती. डिस्क भरली, नवी आणली आणि सायंकाळी कार्यालय सुटताना प्रत काढण्याचे काम लावून सर्वजण घरी गेले. रात्री वीज गेली. सकाळी संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा नव्या डिस्कवर सर्व फोल्डरांची नावे ओळीने दिसत होती. नावे दिसली म्हणजे काम झाले, असे आम्ही मानले. जुनी डिस्क पुसून दुसऱ्या यंत्रात बसविण्यात आली. तीन महिन्यांनी एका पूरग्रस्त गावाच्या पुनर्वसनाची छायाचित्रे हवी झाली. फोल्डर उघडले, तर ते रिकामे होते. त्याच्यापुढील दोन वर्षांचे सर्व फोल्डरही रिकामे होते. काही चित्रांच्या कागदी प्रती जुन्या फायलींत मिळाल्या; उरलेली परत मिळाली नाहीत. यात यंत्राचा दोष नव्हता. गठ्ठे न मोजता रुमालांवरील चिठ्ठ्या तेवढ्या मोजण्याचा दोष आमचा होता आणि त्या ‘आम्ही’त हा लेखकही आहे.

प्रत आणि मोजणी

म्हणून प्रत काढण्याचे काम सकाळी सुरू करावे. सेकंदाला १०० मेगाबाइट हा वेग धरला, तरी ५०० गिगाबाइटला जवळजवळ दीड तास लागतो. लहान लहान फायली असंख्य असतील, तर याच्या कितीतरी पट वेळ जातो. कार्यालयातील साधा यूपीएस काही मिनिटांचाच आधार देतो, हे ध्यानी ठेवावे.

प्रत पूर्ण झाल्यावर मोजणी करावी. मूळ आणि नव्या फोल्डरांतील फायलींची संख्या व एकूण आकार तंतोतंत जुळले पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक वर्षातील सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि मधली एक अशा फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. कायम ठेवावयाच्या ‘अ’ वर्गातील अभिलेखांच्या बाबतीत दोन्ही प्रतींचा चेकसम काढून ताडून पाहणे श्रेयस्कर. शेवटी तारीख, फायलींची संख्या, डिस्कचे अनुक्रमांक आणि पडताळणी करणाऱ्याची सही असलेला एक कागद दप्तरी ठेवावा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये झाला. नोंद कागदावर असो वा डिस्कवर, ती सांभाळण्याची जबाबदारी तीच राहते.

मोठी डिस्क म्हणजे सुरक्षित डिस्क नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. उलट जितके अधिक दप्तर एका कपाटात, तितकी एका आघाताने होणारी हानी मोठी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उल्हास आणि वालधुनीच्या काठी कल्याण, बदलापूर परिसरात शिरलेल्या पाण्याची आठवण येथील नागरिक अद्याप विसरलेले नाहीत. तळमजल्यावरील संगणक आणि त्याच्याच खणात ठेवलेली दुसरी प्रत अशा पाण्यात एकदमच जातात. यासाठी माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. ग्रामपंचायतीची एक प्रत पंचायत समितीच्या कार्यालयात, शाळेची एक प्रत केंद्रशाळेत मोहोरबंद ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

जुन्या डिस्कचे काय?

मोजणीचा कागद झाल्यावरही जुनी डिस्क किमान काही महिने, शक्य तर एक लेखापरीक्षण पार पडेपर्यंत, चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवावी. पुढे ती टाकून द्यावयाची असेल, तर केवळ डिलिट अथवा झटपट फॉरमॅट करून भागत नाही. त्याने अनुक्रमणिका पुसली जाते. मजकूर बराचसा तसाच राहतो आणि जाणकाराला वाचता येतो. त्यात नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि विद्यार्थ्यांची माहिती असू शकते. म्हणून हार्ड डिस्क पूर्णपणे अधिलिखित करावी, एसएसडीसाठी तिच्या उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी आणि नादुरुस्त डिस्क असल्यास ती निकामी करून घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेल्या पाहिजेत. त्या रस्त्यावरील भंगारात देणे योग्य नाही.

डिस्कची किंमत काही हजार रुपये असते आणि ती निविदेने अथवा दरपत्रकाने पुन्हा घेता येते. १९५० पूर्वीच्या नोंदवहीतील ती एक ओळ मात्र कोणत्याही दरपत्रकात मिळत नाही. तेव्हा ज्या कार्यालयात नवी डिस्क येऊन पडली आहे, तेथील प्रमुखांनी तंत्रज्ञाला बोलाविण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि संगणकात काय काय आहे, त्याची यादी प्रथम करावी. ही यादी हाती असेल, तरच काम पुरे झाल्यावर सर्व गठ्ठे नव्या कपाटात पोहोचले, असे खात्रीने म्हणता येईल.